जेनोआचे दोन क्लब आणि एकच स्टेडियम: यजमान कोण आणि पाहुणा कोण?

परळकर यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या मार्चअखेरीस मी आणि माझा महाविद्यालयात शिकणारा मुलगा उत्तर इटलीत जाणार आहोत. मिलान आणि तुरिन येथील श्रीमंत क्लबांविषयी आता मराठीतही पुष्कळ वाचायला मिळते, म्हणून आम्ही मुद्दाम जेनोआ या बंदराच्या शहरात मुक्काम ठेवला आहे. तेथे जेनोआ आणि सांपदोरिया हे दोन क्लब असून दोघांचेही घरचे मैदान लुइजी फेरारिस हेच आहे, एवढे मला ठाऊक आहे. 1990 च्या विश्वचषकात कोस्टा रिकाने स्कॉटलंडला याच मैदानावर 1-0 असे हरवले होते आणि कोपऱ्यांवर चार मनोरे असलेले ते चौकोनी स्टेडियम तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले आहे.

माझी शंका अशी आहे. आपल्याकडे चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे आसनांच्या वाटपावरून पटेना, तेव्हा ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले आणि जानेवारी 1975 मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीही खेळली गेली. एकमेकांचे शत्रू नसलेल्या दोन संस्थांची ही कथा. मग ज्या दोन क्लबांचे पाठीराखे एकमेकांचे नावसुद्धा सरळ घेत नाहीत, ते गेली जवळजवळ ऐंशी वर्षे एकाच छपराखाली कसे नांदतात? त्यांतला मूळ यजमान कोणता आणि नंतर आलेला पाहुणा कोणता? आम्ही सामना पाहायचा तर कोणाचा पाहावा आणि कोठे बसावे, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

दर्यावर्दी (ठाणे) यांचे उत्तर

परळकर, बोटीवर इंजिनिअर असताना जेनोआ बंदरात माझे अनेकदा जाणे झाले आणि तेथील गोदीतल्या लोकांशी फुटबॉलखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणे क्वचितच झाले, त्यामुळे आपल्या प्रश्नातील इतिहासाच्या भागाला उत्तर देण्याचे धाडस करतो.

जेनोआ क्लबची स्थापना 7 सप्टेंबर 1893 ची. स्थापना करणारे सगळे इंग्रज होते आणि क्लबच्या पहिल्या नावात फुटबॉल नव्हतेच; क्रिकेट आणि अॅथलेटिक्स होते. त्यातले क्रिकेट अधिकृत नावात आजही टिकून आहे, ही गोष्ट मुंबईच्या माणसाला आवडावी अशीच आहे. पुढे 1896 मध्ये जेम्स रिचर्डसन स्पेन्सली नावाचा एक इंग्रज डॉक्टर बंदरातील कोळशाच्या बोटींवरील खलाशांवर उपचार करण्यासाठी तेथे आला. त्याने क्लबात फुटबॉल सुरू केले आणि, माझ्या मते त्याहून महत्त्वाचे म्हणजे, 1897 मध्ये इटालियन लोकांना सभासदत्वाचे दार उघडले. आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स चषक ही फुटबॉल स्पर्धा 1891 पासून, म्हणजे जेनोआ क्लबच्या जन्माआधीपासून खेळली जात होती, पण ब्रिटिश पलटणींच्या हातून तो चषक एखाद्या भारतीय संघाकडे यायला 1937 साल उजाडावे लागले आणि तेव्हाही तो बंगळूर मुस्लिम्स संघाने नेला. दोन्ही बंदरांत चेंडू इंग्रजांनीच आणला. स्थानिकांना खेळात घेण्याची घाई मात्र जेनोआत झाली.

त्याचे फळही लगेच मिळाले. इटलीचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद 8 मे 1898 रोजी तुरिनमध्ये चार संघांत एकाच दिवसात निकालात निघाले आणि अंतिम सामन्यात जादा वेळेत जेनोआने इंटरनॅझिओनाले तोरिनो या संघाला 2-1 असे हरवले. त्यानंतर 1924 पर्यंत क्लबने एकूण नऊ विजेतेपदे मिळवली. दहा विजेतेपदे झाली की इटलीत शर्टावर सोनेरी तारा लावता येतो, आणि जेनोआचे पाठीराखे त्या दहाव्यासाठी शंभर वर्षे थांबलेले आहेत. ते दहावे विजेतेपद 1925 मध्ये आपल्याकडून हिसकावून घेतले गेले, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे, आणि तपशील वाचल्यावर मलाही ते नाकारणे कठीण जाते. बोलोन्याविरुद्ध उत्तर विभागाचा निर्णय दोन सामन्यांत लागला नाही. मिलानमधील तिसऱ्या सामन्यात जेनोआ 2-0 असा पुढे असताना बोलोन्याचे लोक मैदानात घुसले आणि त्यांनी हट्ट धरलेला बोलोन्याचा एक गोल पंचांनी अखेर मान्य केला; सामना बरोबरीत सुटला. तुरिनमधील चौथ्या सामन्यानंतर तेथील पोर्ता नुओव्हा स्थानकावर जेनोआच्या पाठीराख्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाचवा सामना 9 ऑगस्टला मिलानच्या एका मैदानावर भल्या सकाळी, प्रेक्षकांविना खेळवला गेला आणि तो बोलोन्याने जिंकला. बोलोन्याच्या मागे लेआंद्रो आर्पिनाती हा फॅसिस्ट पुढारी होता, हे येथे सांगायलाच हवे. 1928 मध्ये त्याच राजवटीने क्लबचे इंग्रजी वळणाचे नाव बदलून ते 'जेनोव्हा 1893' असे करायला लावले, जे 1945 मध्ये पुन्हा पूर्ववत झाले.

स्टेडियम मारासी या भागात आहे आणि ते 22 जानेवारी 1911 रोजी जेनोआ क्लबचे मैदान म्हणूनच सुरू झाले. ज्याच्या नावाने ते 1933 पासून ओळखले जाते, तो लुइजी फेरारिस या क्लबचाच कर्णधार. तो 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. स्पेन्सलीही त्याच वर्षी जर्मनीत युद्धकैदी असताना वारला. एवढे पाहता यजमान जेनोआ क्लब, हे उत्तर सरळ दिसते.

परंतु ते तितके सरळ नाही. सांपदोरिया हा क्लब ऑगस्ट 1946 मध्ये सांपिएरदारेनेजे आणि आंद्रेआ दोरिया या दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झाला. यांपैकी आंद्रेआ दोरियाचे मैदानही मारासीतच, जेनोआच्या मैदानाला लागून होते आणि स्टेडियम वाढवताना ते त्यात सामावले गेले. म्हणजे सांपदोरियाचा माणूस जेव्हा म्हणतो की आम्ही येथे पाहुणे म्हणून आलेलो नाही, आमचे अर्धे घर याच जमिनीत गेले आहे, तेव्हा त्यालाही खोटे ठरवता येत नाही. दुसरी संस्था सांपिएरदारेना या पश्चिमेकडील कारखान्यांच्या वस्तीची. ती वस्ती 1926 पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती आणि त्या वर्षी आजूबाजूच्या इतर गावांबरोबर मोठ्या जेनोआत सामील करून घेतली गेली. लगेच पुढच्या वर्षी या दोन क्लबांनाही राजवटीने एकत्र जुंपले होते. तो संसार टिकला नाही, पण 1946 मध्ये त्यांनी स्वखुशीने तो पुन्हा मांडला. शर्टावरचे रंग म्हणजे त्या कराराचा दस्तऐवजच आहे: निळा आणि पांढरा आंद्रेआ दोरियाचा, लाल आणि काळा सांपिएरदारेनेजेचा, आणि मध्ये जेनोआ शहराचा संत जॉर्जचा लाल क्रूस. तो क्रूस जेनोआ क्लबच्या बोधचिन्हावरही आहे, त्यामुळे शहर कोणाचे हा वाद दोन्ही छातींवर एकाच चिन्हाने मांडलेला दिसतो.

नकाशा आणि रेघ (विलेपार्ले) यांचे उत्तर

दर्यावर्दींनी इतिहास सांगितला. मी वास्तुरचनाकार असल्यामुळे जमिनीविषयी बोलतो, कारण परळकरांच्या मूळ प्रश्नाचे, म्हणजे दुसरे स्टेडियम का झाले नाही याचे, बरेचसे उत्तर मला तेथे दिसते.

जेनोआ हे अपेनाइन्स डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात वसलेले शहर आहे. सपाट जमीन मिळते ती मुख्यतः ओढ्या-नद्यांच्या मुखांशी, आणि तीही बंदर, रेल्वे, कारखाने आणि विमानतळ यांनी केव्हाच व्यापली आहे. विमानतळाची धावपट्टी तर समुद्रात भर घालूनच करावी लागली. फेरारिस स्टेडियम बिसान्यो नदीच्या काठी, एका बाजूला तुरुंग आणि बाकीच्या बाजूंना उंच इमारती अशा कोंडीत उभे आहे. चर्चगेटला आपल्याजवळ भर घालून मिळवलेली जमीन आधीच तयार होती आणि रेल्वेच्या कडेला वानखेडेसाठी जागा निघू शकली. मारासीत अशी जागा निघत नाही. त्यात स्टेडियम महापालिकेच्या मालकीचे, आणि इटलीतील बहुतेक शहरांची हीच रीत आहे. मिलान आणि रोम येथेही शहरातले दोन मोठे क्लब अशाच सार्वजनिक स्टेडियमांत पिढ्यानपिढ्या भाडेकरू म्हणून राहिले. भाडेकरू दोघेही असले की कोणी कोणाला बाहेर काढू शकत नाही. क्रिकेटच्या भांडणात एक पक्ष स्वतः मालक होता, आणि माझ्या मते चर्चगेट आणि मारासी यांतला निर्णायक फरक तो आहे; पाठीराख्यांच्या स्वभावाशी त्याचा फारसा संबंध नाही.

आता इमारतीविषयी, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. 1990 च्या विश्वचषकासाठी इटलीने जी स्टेडियमे बांधली किंवा वाढवली, त्यांतील बऱ्याच ठिकाणी मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक ठेवला गेला. तुरिनचे देल्ले आल्पी त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण; प्रेक्षक खेळापासून इतके दूर बसले की पुढे वीस वर्षांच्या आत ते पाडावे लागले. जेनोआत वित्तोरिओ ग्रेगोत्ती या वास्तुरचनाकाराने 1987 ते 1989 या काळात जुन्या जागेवरच नवे स्टेडियम उभारले, तेव्हा ट्रॅकसाठी तसूभरही जागा नव्हती, आणि त्या अडचणीचेच सोने झाले. प्रेक्षक थेट मैदानाच्या रेषेपर्यंत आले. चार कोपऱ्यांवरचे लालसर मनोरे जिने सामावून घेतात आणि छपराच्या पोलादी तुळयांना आधार देतात, त्यामुळे स्टँडमध्ये दृष्टीआड येणारे खांब नाहीत. आणखी एक गोष्ट आपल्या अभियंत्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे: हे पाडकाम आणि बांधकाम टप्प्याटप्प्याने केले गेले आणि दोन्ही क्लब अर्धवट बांधलेल्या स्टेडियमात आपापले सामने खेळत राहिले, कारण जायला दुसरे ठिकाणच नव्हते. आपल्याकडे एखादे मैदान दुरुस्तीसाठी बंद झाले की किती हंगाम कुलूप राहते, हे मी येथे लिहीत नाही.

याच जागेवर 27 मे 1934 रोजी विश्वचषकात स्पेनने ब्राझीलला 3-1 असे हरवले होते. त्या स्पर्धेत पहिल्या फेरीपासूनच हरणारा बाद होत असल्यामुळे अटलांटिक ओलांडून आलेल्या ब्राझीलचा विश्वचषक या एका सामन्यात, मारासीत आटोपला. 1990 मध्ये आयर्लंडने रुमानियाला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले तेही येथेच.

एक सावधगिरीची सूचना. बिसान्यो बहुतेक दिवस कोरडी, दगडगोट्यांची दिसते, पण ब्रिन्योले रेल्वे स्थानकाजवळून पुढे ती समुद्रापर्यंत रस्त्यांखाली झाकलेली आहे आणि शरद ऋतूतल्या मुसळधार पावसात तिचे पाणी बाहेर येते. 1970, 2011 आणि 2014 मध्ये या भागात विध्वंसक पूर आले. मिठी नदीच्या काठी राहणाऱ्यांना अधिक सांगायला नको. मार्चमध्ये तुम्हाला त्याची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही.

निळा पट्टा (कुलाबा) यांचे उत्तर

दर्यावर्दींचे उत्तर अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात सांपदोरियाच्या वाट्याला केवळ विलीनीकरणाचे कागद आले, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. जेनोआ क्लबची नऊही विजेतेपदे 1924 पर्यंतची, म्हणजे देशव्यापी एकच लीग सुरू होण्याआधीची आहेत. त्यांपैकी 1915 चे तर युद्धामुळे स्पर्धा अर्धवट थांबल्यानंतर मागाहून बहाल केलेले आहे आणि लाझिओ क्लब त्यावर आजही हक्क सांगतो. या स्टेडियमच्या आजच्या भिंतींनी जे एकमेव लीग विजेतेपद पाहिले, ते 1990-91 चे, सांपदोरियाचे आहे. पाओलो मान्तोव्हानी हा तेलाच्या व्यापारातला माणूस 1979 मध्ये अध्यक्ष झाला, त्याने रोबेर्तो मानचिनी आणि जानलुका व्हिआल्ली हे कोवळ्या वयातले खेळाडू आणून सांभाळले, आणि व्हुयादिन बोश्कोव्ह या युगोस्लाव्ह प्रशिक्षकाच्या हाती संघ दिला. 1990 मध्ये त्यांनी गोथेनबर्गला अँडरलेख्तला हरवून युरोपचा चषकविजेत्यांचा चषक जिंकला. दोन्ही गोल जादा वेळेत व्हिआल्लीचे. 1992 मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर बार्सिलोनाच्या रोनाल्ड कुमनच्या फ्री किकने त्यांना जादा वेळेत हरवले. त्याच वेम्बलीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या स्टेडियमात 2021 मध्ये मानचिनीने प्रशिक्षक म्हणून इटलीला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा संघासोबत व्हिआल्लीही होता. जानेवारी 2023 मध्ये तो गेला.

डर्बीविषयी, म्हणजे शहरातल्या या दोन क्लबांच्या आपसातल्या सामन्याविषयी, थोडे. तिला बंदराच्या जुन्या दीपस्तंभावरून 'लँटर्नाची डर्बी' म्हणतात. तो 77 मीटर उंचीचा दीपस्तंभ 1543 पासून उभा आहे. मे 2011 मध्ये जेनोआच्या बोसेल्लीने भरपाई वेळेत गोल करून ही डर्बी जिंकली आणि त्या मोसमात सांपदोरियाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. हा गोल मला अजूनही सहन होत नाही. 30 एप्रिल 2022 च्या डर्बीत सांपदोरिया 1-0 असा पुढे असताना जेनोआच्या क्रिशितोची अखेरच्या क्षणांतली पेनल्टी एमिल आउदेरोने अडवली आणि त्या वर्षी जेनोआ घसरला. पुढच्याच वर्षी जेनोआ वर आला आणि सांपदोरिया खाली गेला. असे एकमेकांना बुडवून झाल्यावर दोघे वेगवेगळ्या श्रेणींत पडले, त्यामुळे लीगमधली डर्बी पाहण्याचा योग सध्या जुळत नाही.

दर्यावर्दी (ठाणे)

निळा पट्टा यांचा आक्षेप मान्य, फक्त एक भर घालतो. मार्च 1992 मध्ये जेनोआने लिव्हरपूलला घरी 2-0 असे आणि नंतर त्यांच्या अॅनफिल्ड या मैदानावर 2-1 असे हरवले आणि अॅनफिल्डवर जिंकणारा तो पहिला इटालियन संघ ठरला. म्हणजे याच भिंतींनी तेही पाहिले, निदान पहिला अर्धा भाग.

शिवाय या शहरातील माणसे बाहेर पडली तेथेही क्लब काढून मोकळी झाली. ब्युनोस आयर्सचा बोका ज्युनियर्स 1905 मध्ये जेनोआहून गेलेल्या कुटुंबांच्या वस्तीतल्या मुलांनी काढला.

परळकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालक आणि भाडेकरू हा मुद्दा मला पटला. आणखी एक विचारतो: दोन्ही गटांचे पाठीराखे एकाच स्टेडियमात कोणत्या बाजूला बसतात, हे ठरलेले आहे का? मुलाचा हट्ट गोलमागच्या स्टँडमध्ये बसण्याचा आहे. मला ते कितपत शहाणपणाचे ठरेल याची शंका वाटते.

निळा पट्टा (कुलाबा)

अगदी ठरलेले आहे. उत्तरेकडील गोलमागचा स्टँड जेनोआवाल्यांचा, दक्षिणेकडील आमचा. दक्षिणेकडील मुख्य गट 1969 पासूनचा असून तितो कुक्किआरोनी या अर्जेंटिनी खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. ज्या आठवड्यात जेनोआचा घरचा सामना असतो, त्या आठवड्यात सांपदोरियाचा सहसा बाहेर असतो, त्यामुळे एरवी दोघांची गाठ पडत नाही. उत्तरेकडील लोकांविषयी माझ्या तोंडून चांगले निघणे कठीण, तरीही एक प्रसंग सांगतो. 14 ऑगस्ट 2018 रोजी शहरातील मोरान्दी पूल कोसळून 43 माणसे मरण पावली. त्यानंतरच्या जेनोआच्या पहिल्या घरच्या सामन्यात स्टेडियमातील पाठीराखे पहिली 43 मिनिटे एक शब्दही न बोलता बसले.

मुलाला गोलमागे बसवायला हरकत नाही, पण तेथे सामना उभ्याने पाहावा लागतो, झेंड्यांमुळे अर्धा खेळ दिसत नाही आणि मोबाइलने चित्रण करत राहणारा परका प्रवासी कोणालाच आवडत नाही. त्या दिवशीच्या पाहुण्या संघाच्या रंगाशी जुळणारे कपडे मात्र चुकूनही घालू नयेत. आपण स्वतः लांब बाजूच्या स्टँडमध्ये बसावे. तेथून मागचे डोंगर आणि त्यांवरची घरेही दिसतात.

नकाशा आणि रेघ (विलेपार्ले)

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. इटलीत तिकिटावर प्रेक्षकाचे नाव छापलेले असते आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासतात, म्हणून दोघांचीही तिकिटे पासपोर्टवरील नावाप्रमाणे, अक्षर न अक्षर जुळवून घ्यावीत आणि सामन्याच्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. दुसऱ्याच्या नावाचे तिकीट रस्त्यावर विकत घेण्याच्या फंदात पडू नये. सामन्यांचा नेमका दिवस आणि वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीनुसार केवळ काही आठवडे आधी निश्चित होते, तेव्हा हॉटेलच्या आरक्षणात एखाद-दुसरा दिवस मोकळा ठेवावा. ब्रिन्योले हे स्टेशन सोयीचे. तेथून बिसान्योच्या काठाने चालत गेले तर अर्ध्या तासाच्या आत स्टेडियम येते, आणि सामना असेल तर रस्ता विचारावा लागत नाही, गर्दीच नेते.

सराव पाहायचा विचार असेल तर जेनोआ क्लबचे सराव मैदान पश्चिमेला पेल्यी येथे आहे आणि सांपदोरियाचे पूर्वेला बोल्यास्को येथे. ज्या क्लबचे एक मूळ पश्चिमेकडील कारखान्यांत आहे, तो पूर्वेला सराव करतो, ही गंमत दर्यावर्दींच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे. दोन्ही ठिकाणी समुद्राकाठाने जाणारी लोकल गाडी पोहोचते, परंतु सराव सर्वांसाठी खुला असतोच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी क्लबच्या संकेतस्थळावर पाहून मगच निघावे.